२.५ मिमीचं रिकामं भोक : वर्कशॉप आवरण्याची नोंदवही

पहिला आठवडा

खोली ८ बाय १० फूट. एका भिंतीला बेंच, दारामागे ड्रिल स्टँड, आणि उरलेल्या जागेत मी. लाकूडकाम हा मुख्य छंद, अधूनमधून धातूचं किरकोळ काम. आज शेगड्याचा (बेंचला लावलेल्या व्हाइसचा) ढिला झालेला नट आवळायचा होता, तर १३ चा पाना शोधण्यात वीस मिनिटं गेली. सापडला बेंचवरच, भुशाखाली. त्याच शोधात मेजरिंग टेप चार निघाले. चौथा आणला तेव्हा आधीचे तिन्ही सापडत नव्हते, एवढंच आठवतंय.

म्हणून ही नोंदवही. अट एकच: स्क्रू आणि भिंतीचे प्लग सोडले तर नवीन काही आणायचं नाही. प्लायचे तुकडे, रिकामे कॅन, मोडलेल्या कपाटाच्या फळ्या, जे पडून आहे त्यातच भागवायचं. अट घालायला जरा उशीर झाला हे कबूल. पारदर्शक झाकणाचे २४ डबे मागच्याच महिन्यात हौसेने आणून ठेवलेत.

दुसरा आठवडा

डबे भरले, लेबलं लावली, एकावर एक रचले. दिसायला फारच सुरेख! चार दिवस टिकलं.

झालं काय, तर हवा तो डबा कायम तळाशी. तो काढायचा, झाकण उघडायचं, दोन स्क्रू घ्यायचे, झाकण लावायचं, वरचे पाच डबे परत रचायचे. डाव्या हातात जोड धरलेला आणि उजव्या हाताला गोंद लागलेला असताना हे कोण करणार? उरलेले स्क्रू बेंचच्या कोपऱ्यात टाकायचे आणि ‘नंतर ठेवू’ म्हणायचं. शनिवारी तो कोपरा मोजला, १७ प्रकारचे नग निघाले.

जपानी कारखान्यांतली, जागा आवरण्याची ५-एस पद्धत आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. यातली सेइरी, म्हणजे नको ते वेगळं काढणं, पहिली आहे. जागच्या जागी लावणं, सेइतोन, त्यानंतर येतं. मी थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारली होती. माझ्याकडे आहे काय हे कळायच्या आधीच डबे आणले, आणि मग डब्यांना शोभेल असं सामान लावत बसलो.

रविवारी सगळं जमिनीवर जुन्या चादरीवर ओतलं. एकाच मापाचे सात स्क्रूड्रायव्हर. दात गेलेल्या तीन कानशी, शिवाय एकमेकींवर घासून दात घालवण्याच्या वाटेवर असलेल्या चार चांगल्या. कानशी एका खणात मोकळ्या टाकणं म्हणजे त्यांना एकमेकींवर चालवण्यासारखंच आहे, हे माहीत असूनही मी ते वर्षानुवर्षं करत होतो. वर्षभरात हात लागला नाही ते बाहेर, असा नियम केला आणि लगेच मोडलाही. आटे पाडायचे टॅप-डाय दोन वर्षांत एकदाच लागतात, पण लागतात तेव्हा दुसरं काहीच चालत नाही.

चौथा आठवडा

भिंत. आधी हार्डबोर्डचा पेगबोर्ड लावून पाहिला, पडून होता म्हणून. २५ मिमी अंतरावर ६ मिमीची भोकं असलेला नेहमीचाच. त्याच्यामागे हुक शिरायला मोकळी जागा लागते, म्हणून पट्ट्या ठोकून तो भिंतीपासून पुढे घेतला. हलक्या हत्यारांना ठीक आहे. पण पक्कड काढली की हुक तिच्याबरोबरच हातात येतो, आणि तो परत बसवायला दुसरा हात लागतो. आता त्यावर फक्त गुण्या, फूटपट्ट्या आणि कात्री.

बाकी भिंतीवर फ्रेंच क्लीट. ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १८ मिमी प्लायची पट्टी लांबीत मधोमध ४५ अंशांत तिरकी कापायची. एक अर्धी भिंतीवर आडवी ठोकायची, दुसरी हत्याराच्या होल्डरमागे उलटी लावायची. दोन उतार एकमेकांत अडकतात आणि वजनाने होल्डर भिंतीकडे ओढला जातो. होल्डर उचलला की सुटला, दुसरीकडे टांगला की बसला.

भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे गेला पाहिजे, म्हणजे वरची टोकदार कड खोलीच्या बाजूला आणि मागे खाच. मी पहिली पट्टी उलटी ठोकली. सहा प्लग, सहा स्क्रू, लेव्हल लावून, दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघून झाल्यावर होल्डर टांगायला गेलो, तर तो घसरगुंडीवरून यावा तसा खाली आला. प्लगची भोकं तीच ठेवून पट्टी फिरवता येईल असं वाटलं होतं. आली नाही, भोकं मधोमध नव्हती. त्या जागी आता भिंतीला बारा भोकं आहेत.

प्लग विटेत बसवा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. ड्रिल चालवताना मध्येच मऊ लागून बिट भसकन आत गेलं तर तिथे थांबा आणि जागा बदला. पट्ट्यांमध्ये मी १५० मिमी अंतर ठेवलंय. होल्डर काढायला वर उचलावा लागतो, तेवढी मोकळी जागा प्रत्येकाच्या डोक्यावर सोडायची हे पहिल्या रांगेत विसरलो होतो. एकच तक्रार: खाचेत भुसा साठतो. महिन्यातून एकदा ब्रश फिरवावा लागतो.

होल्डर करताना मात्र स्वतःला एक परीक्षा लावली. डोळे दुसरीकडे, एका हाताने, झाकण-कडी काही न उघडता हत्यार परत ठेवता येतंय का? पटाश्यांचा पहिला होल्डर गोल भोकांचा केला होता. पटाशी वरून नेम धरून घालावी लागे, आणि पातं बाहेर काढताना धार लाकडाला घासे. नापास. आता समोरून उघड्या खाचा आहेत, पातं खाचेतून आडवं सरकतं आणि मूठ वरच्या रुंद भोकात टेकते. खाली धारेसमोर एक आडवी पट्टी, बोटांच्या रक्षणासाठी. रंधे भिंतीवर टांगलेच नाहीत. जड वस्तू खाली, बेंचखालच्या फळीवर, आडव्या.

सहावा आठवडा

ड्रिल बिटांचा ठोकळा. यावर मी वेळ घालवला आणि पुन्हा घालवेन.

संच १९ बिटांचा, १ ते १० मिमी, अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढणारा. पहिल्या ठोकळ्यात प्रत्येक बिटाने स्वतःचंच भोक पाडलं. कल्पना किती सुटसुटीत! पंधरा दिवस हवा दमट राहिली, लाकूड फुगलं, आणि ४ मिमीचं बिट पकडीने ओढून काढावं लागलं. दुसऱ्या ठोकळ्यात प्रत्येक भोक पुढच्या मापाच्या बिटाने, म्हणजे अर्धा मिमी मोठं. १० ला १०.५ कुठून आणणार, म्हणून त्याचं भोक कागद गुंडाळलेल्या काडीने घासून सैल केलं. खोली २५ मिमी, ठोकळा समोरून थोडा कलता, मापं जाड पेनने.

आणि १९ पैकी १८ च भोकं भरली. २.५ गायब. एम३ चे, म्हणजे ३ मिमी व्यासाच्या स्क्रूचे, आटे पाडायला आधी हेच बिट लागतं: ३ वजा ०.५ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. बारीक, सतत वापरातलं, मोडणारं. डब्यात मोकळी बिटं होती तेव्हा ते नाही हे कळायला काम अर्ध्यावर यावं लागायचं. आता दारातूनच दिसतं.

आठवा आठवडा

स्क्रू-खिळे. २४ पैकी १९ डब्यांची झाकणं काढून टाकली. लाकडाचे स्क्रू लांबीप्रमाणे, मशीन स्क्रू व्यासाप्रमाणे. एम४ शोधताना मला लांबी पाहून निवडता येते, पण आटे नजरेने ओळखता येत नाहीत, म्हणून ही विभागणी. दहापेक्षा कमी नग असतील तर त्यांना स्वतंत्र घर नाही, सगळे एका ‘मिसळ’ डब्यात. डब्यावर लेबलाऐवजी आतलाच एक नग ग्लू गनने चिकटवला. वाचायला लागत नाही आणि चुकत नाही.

डबे पुरले नाहीत तिथे एक लिटरचे प्लास्टिक कॅन तिरके कापले. धुण्याच्या द्रवाचे कॅन उत्तम, पाण्याने साफ होतात. इंजिन ऑइलचे कॅनही मुबलक मिळाले, पण त्यात फक्त नट-बोल्ट ठेवतो. कितीही धुतलं तरी तेलाचा अंश राहतो, आणि असा स्क्रू लाकडात गेला की पॉलिशच्या वेळी भोवती डाग उमटतो. कोऱ्या पाइनच्या फळीवर अनुभव घेऊन झालाय.

काचेच्या बरण्या फळीखाली झाकणाने लटकवायची जुनी युक्तीही केली. एका स्क्रूवर झाकण गरगर फिरतं, दोन स्क्रू लागतात. पण बरणी सोडवायला एक हात आणि आतलं घ्यायला दुसरा. चौथ्या दिवशी एक बरणी फरशीवर आली. काचा आणि १६ मिमीचे खिळे एकत्र वेचायचा योग कुणाला येऊ नये. बरण्या गेल्या.

दहावा आठवडा

गोंद-रंगांच्या फळीला झोळ आला. १८ मिमी प्लाय, आधारातलं अंतर १२०० मिमी, वर रंगाचे डबे. मधोमध ठेवलेल्या वजनाने पडणारा झोळ अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे अंतर निम्मं केलं की तो आठव्या हिश्श्यावर येतो. फळी दुप्पट जाड केली तरी हिशेब तोच, पण तेवढं लाकूड कशाला घालवा? मधे एक उभा तुकडा ठोकला, काम झालं.

सगळ्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख मास्किंग टेपवर लिहिली. थिनर मूळ डब्यातच, पिण्याच्या बाटलीत कधीच नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो, तो ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसकट बंद डब्यात.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या. हे टापटिपीच्या यादीत येत नाही, पण आवरताना मला बेंचखाली अशा चिंध्यांचा बोळा सापडला आणि पोटात गोळा आला. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. आता चिंध्या बाहेर, एकेरी पसरून वाळवतो. तेवढा वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

बारावा आठवडा

गंज. फोम लावलेल्या सुंदर पेटीतल्या ६ मिमीच्या पटाशीवर तांबूस ठिपके, भिंतीवर उघड्यावर टांगलेल्या पटाश्या स्वच्छ. फोम ओलावा धरून ठेवतो. पुठ्ठ्याचंही तसंच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहायला लागली की लोखंड वेगाने गंजायला लागतं, आणि रात्री गार पडलेल्या पोलादावर सकाळची दमट हवा दव धरते. पेटी मोडून फोम फेकला. पात्यांवर मशीन ऑइलचा हात, आठवड्यातून एकदा. जुन्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या होत्या, पण त्या बहुधा आधीच ओलावा पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे मणी बरे, भट्टीत साधारण १२० अंश सेल्सिअसवर वाळवले की परत कामाला येतात.

लाकडाच्या तुकड्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ३०० मिमीपेक्षा लहान ते एका पिंपात, पिंप भरलं की त्यातूनच पुढची वस्तू करायची किंवा रिकामं करायचं. लांब फळ्या तीन आधारांवर आडव्या. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या की वाकतात.

चौदावा आठवडा

आज पुन्हा १३ चा पाना लागला. बेंचवर जोडाला क्लॅम्प लावलेला, डावा हात त्यावर. उजवा हात न बघता भिंतीवर गेला आणि रिकाम्या हुकावर आपटला. पाना माझ्या खिशात होता.

‘नंतर बघू’ डब्यात ११ वस्तू उरल्यात. दहा ओळखीच्या आहेत. अकरावी पितळेची, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग, कशातून निघाली कुणास ठाऊक. तिला ठोकळ्यातल्या २.५ च्या भोकात उभी करून ठेवली आहे, तेवढ्यापुरती.