आज वाटी ओढली!

कुपोषित मुलांच्या वॉर्डात चौथा दिवस. मेळघाटात धारणीकडच्या एका पाड्यावरचं चौदा महिन्यांचं पोरगं, वजन ५.६ किलो, दंडाचा घेर ११ सेंटीमीटर. पट्टीवर ११.५ च्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. आलं तेव्हा हातपाय गार, रडायचंही त्राण नव्हतं.

त्याच्या आजीचा माझ्यावर भयंकर राग. "लेकरू उपाशी हाये अन् तुमी मोजून मोजून पाजता? पोट भरते काय यायनं?" पदराखाली तिनं शेंगदाण्याचा लाडू आणला होता. काढून घेताना मलाच कसंनुसं झालं.

पण इतके दिवस उपाशी राहिलेलं शरीर एकदम भरपेट अन्न झेपवत नाही. इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयच दगा देऊ शकतं. म्हणून आधी एफ-७५, कुपोषित मुलांसाठीचं हलकं दूध: १०० मिलीत ७५ कॅलरी. दर दोन तासांनी साधारण ६० मिली, रात्रीसुद्धा. साखर उतरू नये म्हणून रात्रीचा डोस चुकवायचा नाही. (दोनचा गजर आता सुट्टीतही कानात वाजतो.) लोहाचं औषधही इतक्यात नाही. हे आजीला कसं सांगू? म्हटलं, "आजी, विझत्या चुलीत मोठं लाकूड घालता का? आधी काड्याच ना?" ती काही बोलली नाही.

आज सकाळी पोरानं वाटी दोन्ही हातांनी ओढली. सांडलं सगळं माझ्या ॲप्रनवर. डॉक्टर म्हणाले, भूक परत आली, आता हळूहळू एफ-१००, म्हणजे जास्त ताकदीचं दूध.

आजीनं लाडू परत मागितला. नर्सबाईला द्यायला.