दोन राज्ये, एक प्राधिकरण आणि रोखेधारकांना दिलेला शब्द

हडसन नदीखालच्या हॉलंड बोगद्यातून जाताना मध्यावर भिंतीच्या फरशांमध्ये एक उभी रेघ दिसते. तिच्या एका अंगाला न्यूयॉर्क आणि दुसऱ्या अंगाला न्यू जर्सी असे लिहिलेले आहे. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला नोकरीसाठी जाणारी आमच्यासारखी मराठी कुटुंबे ही सीमा रोज ओलांडतात आणि टोल वाढला की कुरकुरतात. मात्र तो टोल ठरवणारी संस्था दोन्ही राज्यांची असूनही कोणत्याही एका राज्याच्या हाती पुरती का सापडत नाही, याचा विचार सहसा होत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

न्यूयॉर्क बंदर एकच, पण त्याचे काठ दोन राज्यांचे. त्यामुळे धक्के, रेल्वे आणि जकात यांवरून भांडणे जुनीच होती. अखेर ३० एप्रिल १९२१ रोजी दोन्ही राज्यांनी करार करून बंदर प्राधिकरण स्थापन केले आणि अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी त्यास संमती दिली. राज्याराज्यांतील अशा करारास काँग्रेसची संमती लागते, असे तेथील संविधानच सांगते. प्राधिकरणावर दोन्ही राज्यांचे सहा-सहा आयुक्त असतात आणि आपल्या राज्याच्या आयुक्तांनी घेतलेला निर्णय रद्द करण्याचा अधिकार त्या त्या गव्हर्नरला असतो. कराराशी निगडित कायद्यात बदल करायचा तर ऑल्बनी आणि ट्रेंटन येथील दोन्ही विधिमंडळांनी एकसारखा मजकूर संमत करावा लागतो. एकट्या राज्याने केलेली दुरुस्ती कागदावरच राहते.

या प्राधिकरणाला कर लावण्याचा अधिकार नाही आणि राज्यांची पत तारण ठेवण्याचाही नाही. त्याने रोखे काढायचे, त्या पैशांतून पूल किंवा बोगदा बांधायचा आणि टोलमधून व्याज व मुद्दल फेडायचे, अशी ही रीत. १९३१ साली खुला झालेला जॉर्ज वॉशिंग्टन पूल हे तिचे ठळक उदाहरण. दोन्ही राज्यांनी सुरुवातीला काही रक्कम आगाऊ दिली, पण मोठा खर्च रोख्यांतूनच भागला. त्याच सुमारास, राज्यांनी स्वतंत्रपणे बांधलेला हॉलंड बोगदाही प्राधिकरणाकडे आला. गाड्यांची संख्या वाढत गेली, गंगाजळी फुगत गेली आणि रोखेधारक खूश राहिले. आपल्याकडील कृष्णा खोरे विकास महामंडळाची येथे आठवण होते. बच्छावत लवादाने वाटून दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडवण्याच्या घाईत १९९६ साली ते स्थापन झाले आणि त्यानेही रोखे काढले, परंतु त्यांना हमी राज्य शासनाची होती. पाणीपट्टीतून व्याजही निघणे कठीण, त्यामुळे बोजा अखेर तिजोरीवरच आला. हडसनवर तसे होऊ शकत नव्हते; तेथील अडचण नेमकी उलटी निघाली.

हडसनखालून धावणारी खाजगी रेल्वे कंपनी १९५४ साली दिवाळखोरीत गेली. प्रवासी न्यू जर्सीचे असल्याने प्राधिकरणाने ती ताब्यात घेऊन वाचवावी असा त्या राज्याचा आग्रह होता, तर न्यूयॉर्कला हवे होते जागतिक व्यापार केंद्र, तेही मूळ आराखड्यानुसार मॅनहॅटनच्या पूर्व काठावर. न्यू जर्सीला त्यात आपला काहीच लाभ दिसेना. शेवटी व्यापार केंद्र पश्चिमेला, त्याच रेल्वेच्या टर्मिनसवर सरकवण्यात आले आणि १९६२ साली दोन्ही विधिमंडळांनी एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी मंजूर केल्या. त्याच जुन्या रेल्वेची झालेली आजची पाथ रेल्वे आणि १९७०च्या दशकात उभे राहिलेले जुळे मनोरे ही त्याच देवघेवीची फळे.

तोट्यातली रेल्वे गळ्यात पडणार म्हणताच रोख्यांचे खरेदीदार बिथरले असते. म्हणून त्याच कायद्यात राज्यांनी रोखेधारकांना शब्द दिला, की टोलचे तारण ठेवलेले उत्पन्न यापुढे पाथखेरीज अन्य तोट्यातल्या प्रवासी रेल्वेवर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च होणार नाही. ही मर्यादा राखीव गंगाजळीच्या एक दशांश एवढी होती आणि ती गंगाजळी फेडायच्या बाकी असलेल्या रोख्यांच्या एक दशांश. काही वर्षांतच पाथचा तोटा एवढा वाढला की नव्या रेल्वेला जागाच उरली नाही.

मग तेलसंकट आले. मोटारींवरचा टोल वाढवून तो पैसा लोकलगाड्यांवर खर्च करावा, या हेतूने दोन्ही राज्यांनी १९७४ साली तो शब्द पूर्वलक्षी प्रभावाने मागे घेतला. रोखेधारकांच्या वतीने युनायटेड स्टेट्स ट्रस्ट कंपनी न्यायालयात गेली. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी राज्याची बाजू उचलून धरली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली चार विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या मते, राज्य स्वतःच केलेला करार स्वतःच्या सोयीसाठी मोडू लागले, तर त्याचे म्हणणे डोळे झाकून मान्य करता येत नाही. लोकांना मोटारीतून रेल्वेत आणण्याचे इतर मार्ग होते. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत दिले, की एका विधिमंडळाने पुढच्या विधिमंडळांचे हात असे बांधणे योग्य नाही.

माझा कल ब्रेनन यांच्याकडे आहे, तरी ब्लॅकमन यांचा तर्क टाळता येत नाही. रोखे स्वस्तात विकले गेले ते त्या शब्दाच्या बळावर. तो सहज मागे घेता आला असता, तर पुढच्या कर्जाचे वाढीव व्याज प्रवाशांनीच टोलमधून भरले असते. खटकते ते एवढेच, की १९६२ साली वाटाघाटीत रोखेधारकांची काळजी वाहणारे होते. १९७४ साली फलाटावर उभे राहणाऱ्या माणसांची बाजू मात्र कोणीही कायद्यात लिहून ठेवली नव्हती.

आता २०१९ साली दोन्ही राज्यांनी पुन्हा एकसारखे कायदे करून गेटवे विकास आयोग स्थापला आहे. १९१० साली सुरू झालेले आणि २०१२च्या सँडी वादळात खाऱ्या पाण्याने भरलेले रेल्वे बोगदे दुरुस्त करायचे आणि शेजारी नवे बांधायचे, हे त्याचे काम. या वेळी प्रकल्पच प्रवासी रेल्वेचा असल्याने टोलच्या भरवशावर तो उभा राहणार नाही. त्यामुळे केंद्राचे मोठे अनुदान आणि राज्यांनी उचललेला वाटा यांवरच त्याची सारी मदार आहे.