भाच्यासाठी जुना चाकू तयार करताना

लाकडी मुठीचे मिटवायचे चाकू मी आवडीने जमवतो. पण जमवलेल्यातला एखादा दुसऱ्याच्या खिशात गेला, की मला जास्त आनंद होतो. यंदा आखाजीला भाच्याला एक द्यायचा ठरवलं. चोपड्याकडची केळीची बाग आता तोच पाहतो. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, ही कामं दिवसभर चालूच असतात.

निवडला तो भंगारवाल्याकडे मिळालेला जुना देशी चाकू. शिसवी मूठ, पितळी रिवेटा, पातं साध्या पोलादाचं. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण साध्या पोलादाला घरच्या दगडावर चटकन धार लागते. रोज वापरणाऱ्याला तेच सोयीचं.

सांधा पूर्ण अडकला होता. शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवला, सकाळी पातं हळूहळू हलवत मोकळं केलं. आतून तांबडी घाण निघाली, ती काडीला चिंधी गुंडाळून पुसत राहिलो. पात्यावरचा गंज तेल लावून बारीक पॉलिश पेपरने काढला. ग्राइंडर मुद्दाम टाळला, कारण पातळ पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही.

मुठीला जवसाचं तेल लावलं. हे तेल नुसतं मुरत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन लाकडात घट्ट होतं. म्हणून हात पातळ द्यायचा, उरलेलं पुसून काढायचं आणि पूर्ण सुकल्यावरच दुसरा हात. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं. एक गोष्ट मात्र जपाच. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या वैशाखात तर हा धोका पत्करूच नये. मी चिंधी पाण्यात भिजवून मगच टाकतो.

धार दगडावर, दोन्ही अंगांनी साधारण २० अंशांत. एका अंगाने घासताना दुसऱ्या अंगाला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, ओढून घेतलं. मग त्याच चाकूने लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या. आंबटाने पातं करडं-निळसर झालं. हा थर तांबड्या गंजाला बराच आवर घालतो, म्हणून तो घासून काढू नये. पातं पुसून कोरडं ठेवलं की झालं.

आजीला मात्र हे पटेना. "धारनी वस्तू कोनले देतस का रे?" धारदार वस्तू दिली की नातं तुटतं, असं आपल्याकडे मानतात. फ्रान्समध्येही हीच समजूत आहे, आणि तिथे चाकू घेणारा बदल्यात एक नाणं देतो, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. हे सांगितल्यावर आजीनेच भाच्याला रुपया काढायला लावला. पुरणपोळी-आमरसाचं जेवण झाल्यावर त्याने रुपया माझ्या हातावर ठेवला आणि चाकू खिशात घातला.

सोबत आलेल्या भाचीलाही आता हवा आहे. ती लहान आहे, म्हणून तिच्यासाठी ओपिनेलचा गोल टोकाचा छोटा चाकू पाहतोय. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० मध्ये घडवलेल्या चाकूचीच ही मुलांसाठीची धाकटी आवृत्ती. पातं उघडल्यावर जागेवर धरून ठेवणारी फिरती कडी त्या चाकूंना १९५५ मध्ये आली. पातं अचानक बोटांवर मिटू नये, यासाठी ती मला फार महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं आत घट्ट बसलं, तर मुठीचं मागचं टोक ओट्यावर हलकं आपटायचं, की पातं थोडं बाहेर येतं. हेही तिला शिकवीन. बहिणीची एकच अट आहे, पहिले काही दिवस मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय चाकू उघडायचा नाही.