गालातली छातीची कातडी

आप्पांच्या तोंडात केस उगवायचे. आतून, डाव्या गालावर. गालाचा कॅन्सर काढल्यावर पडलेला खड्डा बुजवायला सर्जननी त्यांच्याच छातीची कातडी, स्नायूसकट, रक्तवाहिनी शाबूत ठेवून वर घेतली आणि तोंडात शिवली. याला पीएमएमसी फ्लॅप म्हणतात. स्टीफन अरियन यांनी ही पद्धत १९७९ मध्ये मांडली. आप्पांना रेडिएशनचा शेक द्यावा लागला नाही, म्हणून केसही टिकले. आई टॉर्च धरायची आणि ते मिशीच्या कात्रीने आतले केस कापायचे. चिवडा खाताना मात्र केसांत पोहे अडकले की चिडचिड ठरलेली.

काही वर्षांनी त्या पॅचच्या मधोमध वाटाण्याएवढा पांढरट, खरखरीत डाग दिसला. मग तो चिरला, रक्त यायला लागलं. "दात लागला असेल," आप्पा म्हणाले. मला वाटलं, जुनंच परत आलं.

पण जुना कॅन्सर उलटतो तो बहुतेक टाक्यांच्या कडेला किंवा खालच्या भागात. हा डाग कडेपासून लांब होता, सगळीकडून चांगल्या पॅचने वेढलेला. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला, म्हणजे कातडीच्या किंवा तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर, आणि शेजारीच केसांची मुळं दिसली. तोंडाच्या अस्तराला केसांची मुळं नसतात. म्हणजे हा छातीच्या कातडीतच नव्याने झालेला कॅन्सर. क्वचितच होतो, पण होतो.

आत्या भडकली. "छातीला कधी तंबाखू चोळला होता का त्याने?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "छातीला नाही हो, पण ती कातडी आता तोंडात राहते ना." चोवीस तास लाळेत भिजणार, तिच्यावर दात घासले जाणार. त्यात आप्पांनी दुकानात बसल्या बसल्या उजव्या गालात पुन्हा बार भरायला सुरुवात केलेली. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे. आप्पांची पुडी साध्या तंबाखूची, ती नाशिकच्या रविवार कारंजावर राजरोस मिळते.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा लहान झालं. मानेच्या गाठींत कॅन्सर निघाला नाही. तंबाखू सुटलाय असं आप्पा सांगतात. मी खिसे तपासते.

तपासणीला गेलं की मी डॉक्टरांना सांगतेच, "टाक्यांच्या कडा बघालच, पण पॅचच्या मध्येही बोट फिरवा." तोंड उघडं असल्याने आप्पांना बोलता येत नाही, नुसते डोळे वटारतात.