मॅडमचं नाव

वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "अगं, आपल्यातलं कोणी नव्हतं का?" आणि लगेच भाजणीच्या गप्पांकडे वळल्या. दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

इथे अमेरिकेत आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, लायब्ररीचा कारभार बघणाऱ्या बोर्डावर एक जागा रिकामी आहे. बिनपगारी काम, संध्याकाळच्या मीटिंगा, बजेटवरून वाद. मी प्रिन्सिपल मॅडमचं नाव सुचवलं. सकाळी त्या बसपाशी उभ्या असतात, कोटाच्या खिशात पोरांचे हरवलेले हातमोजे. कुणाला न्यायला घरून गाडी येत नाही, हे त्यांना पाठ. लायब्ररी पाचला बंद होते, तिथं बस जात नाही, आईबाप सहाला सुटतात. मग ही मुलं पुस्तकं आणणार कधी, हे टाउनशिपला त्यांनीच विचारलं.

आणि आपल्यातलं म्हणजे कोण? मॅडम काळ्या आहेत म्हणून वहिनी तसं बोलल्या, असं म्हणवत नाही. पण गोऱ्या बाईचं नाव दिलं असतं, तर हा प्रश्न आला असता? नसता आला. जानेवारीत सावित्रीबाईंवर वहिनीच बोलल्या होत्या, अंगावर शेण झेलत शाळेत जाणाऱ्या बाईबद्दल. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

इथून तासाभरावर फिलाडेल्फिया. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेचे प्रिन्सिपल एबेनेझर बॅसेट, स्वतःही कृष्णवर्णीय. 1869 मध्ये अध्यक्ष ग्रँटनी त्यांना हैतीत अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून नेमलं. त्याआधी असं पद कुठल्याही कृष्णवर्णीयाला मिळालं नव्हतं. त्याच शाळेतले कृष्णवर्णीय शिक्षक ऑक्टेव्हियस कॅटो यांना 1871 मध्ये मतदानाच्या दिवशी भर रस्त्यात गोळ्या घातल्या. एवढं सगळं होऊन गेलेल्या मुलखात मी एक बिनपगारी खुर्ची मागतेय, तर त्याचाही खुलासा द्यायचा?

इतकी वर्षं मंडळाच्या गणपतीच्या पावत्या मीच फाडल्या, आणि आज मीच परकी. रडूही आलं. आईशी बोलावंसं वाटलं, पण तिकडे पहाट.

भांडी घासताना राग जरा निवळला. वहिनींच्या धाकट्याला वाचता येत नव्हतं, तेव्हा मॅडम शाळा सुटल्यावर त्याला समोर बसवून वाचून घ्यायच्या. वहिनी ते विसरल्या नसतील. त्यांनी तेव्हा मॅडमना पुरणपोळ्या नेऊन दिल्या होत्या.

पत्रावर आणखी एका रहिवाशाची सही असली तर बरं, असं टाउनशिपची क्लार्क म्हणाली. रविवारी वहिनींकडे जेवायला आहोतच. पत्र पर्समध्ये टाकलंय. त्यांच्याकडेच मागणार आहे.