आमची वाटचाल : हवा आमच्या हातून राहिली नव्हती

गोव्यात फोंड्याहून अनमोड घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुर्टी भागात आमचे गॅरेज आहे. क्लच आणि ब्रेक याखेरीज दुसरे काम आम्ही आरंभापासून घेतलेले नाही. इंजिनाचे काम घेऊन येणाऱ्यांना आम्ही नम्रपणे दुसरा पत्ता सांगतो. ज्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल हटत नाही, तिथे मुख्यतः हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या कामावर एक गॅरेज उभे राहू शकते, हे आम्ही दाखवून दिले आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे.

सुरुवातीला सगळीकडे मारुती ८०० आणि ओम्नी असल्यामुळे काम केबलच्या क्लचचेच असे. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये टोयोटा क्वालिस आली, आणि मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल दाबणारा), स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा), होज (रबरी नळी) यांचे काम वाढत गेले. माझे मामेभाऊ बेळगावला ट्रकांच्या गॅरेजात शिकून आले होते. त्यांच्याच भागीदारीत हे गॅरेज सुरू झाले. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने खाली झोपून निपल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) उघडायचा, ही ब्लीडिंगची, म्हणजे पाइपात अडकलेली हवा काढण्याची, रीत त्यांना येत होतीच. परंतु क्लचच्या बाबतीत त्यांचा विश्वास उलट्या ब्लीडिंगवर होता. हवा वर चढते आणि ऑइलची टाकीही वरच असते. मग तिला पेडलच्या जोराने खाली का ढकलावे, असे ते म्हणत. जनावरांच्या डॉक्टरांकडे असते तशी मोठी सिरिंज त्यांनी मिळवली होती. तिच्यात ताजे ब्रेक ऑइल भरायचे, पारदर्शक नळी स्लेव्हच्या निपलला घट्ट बसवायची, निपल थोडा सैल करायचा आणि सावकाश दाब देत ऑइल वर चढवायचे, म्हणजे अडकलेले बुडबुडे आपोआप टाकीत येऊन फुटतात. तत्पूर्वी टाकीतले जुने ऑइल उपसून घ्यायचे, नाहीतर ते भरून वाहते आणि बॉनेटखालचा रंग सोलून काढते. चुकून सांडलेच, तर फडक्याने नुसते पुसू नये, भरपूर पाण्याने धुवावे. पाइपाच्या नटासाठी त्यांच्याकडे तोंडाला खाच असलेला दहा नंबरचा रिंग पाना होता. साध्या फिक्स पान्याने त्या मऊ नटाचे कोपरे झिजतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. पुढे मामेभाऊ आखातात गेले, पण तो पाना आणि ती सिरिंज आजही आमच्या फळीवर आहे. सिरिंजचा रबरी दट्ट्या तेवढा अनेकदा बदलला.

त्यानंतरची वर्षे चांगली गेली. खरे सांगण्यासारखे आहे ते २०१२ नंतरचे.

त्या वर्षी सप्टेंबरात राज्यातल्या खाणी बंद झाल्या आणि उसगाव-धारबांदोडा पट्ट्यातून आमच्याकडे येणाऱ्या जीपगाड्या जवळजवळ थांबल्या. हाताशी उरले ते एका टॅक्सीमालकाचे काम. त्यांच्या सात आसनी गाड्या पर्यटकांना घेऊन बेळगावपर्यंत जात असत आणि पावसाळ्यापूर्वी त्या सर्व गाड्यांचे क्लचचे ऑइल आम्ही बदलून दिले होते. त्याच सुमारास जवळच एक नवे गॅरेज उघडले. त्यांच्याकडे हवा ओढून ब्लीडिंग करणारे यंत्र होते. त्या टॅक्सी तिथे सर्व्हिसिंगला गेल्या, तेव्हा त्यांनी यंत्र लावून नळीतले बुडबुडे मालकांना दाखवले आणि फोंड्यातल्या क्लचवाल्याने सगळ्या गाड्यांत हवा ठेवून दिली आहे, असे सांगितले. पाहणाऱ्याला ते पटणारच. पण निपल सैल केल्यावर बाहेरची हवा त्याच्या आट्यांतून नळीत ओढली जाते, हे ते यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. आट्यांना ग्रीस लावल्याखेरीज ते बुडबुडे कधीच थांबत नाहीत, कारण ते सिलिंडरातून येतच नसतात.

पुढे काही आठवड्यांनी त्याच गाड्या अनमोडच्या चढावर दगा देऊ लागल्या. इंजिन ओरडायचे आणि गाडी चढायची नाही. क्लचची प्लेट जळाल्याचा वास यायचा. दोष आमच्या माथी आला, कारण हवा राहिल्याची गोष्ट तोवर टॅक्सी स्टँडवर सर्वांच्या तोंडी झाली होती. उरलेसुरले गिऱ्हाईकही त्या ऐकीव बोलण्यावर विश्वास ठेवून निघून गेले. कामगारांचे पगार द्यायला घरातले दागिने बँकेत ठेवावे लागले आणि गॅरेजची जागा सोडण्याची बोलणी सुरू झाली.

या आरोपाला कारागिरीच्या दृष्टीने काहीही अर्थ नव्हता, आणि हे मला आजही कोणी विचारले तरी मी तितक्याच कळकळीने सांगतो. पाइपात हवा असेल तर पेडल मऊ लागते, खाली बसते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. हवेमुळे क्लच कमी दाबला जातो, जास्त नव्हे. क्लच घसरून प्लेट जळते तेव्हा तो परत पूर्ण बसत नसतो, म्हणजे पाइपात दाब अडकून राहिलेला असतो. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल टाकीत परत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. आतला रबरी कप फुगून त्या छिद्रावर बसला की पेडलवरून पाय काढला तरी दाब सुटत नाही. आणि कप फुगतो तो ब्रेक ऑइलने नव्हे, खनिज तेलाने.

त्या दिवसांत आमच्याकडे येणे न सोडलेले एक गृहस्थ होते, सत्तरीतले काजूचे व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांची क्वालिस वाळपईच्या मातीच्या वाटांवरून काजूच्या पोत्यांनिशी फिरायची आणि तिच्या स्लेव्हला आमच्याखेरीज कोणाचा हात लागलेला नव्हता. त्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अरे, मला सांगून काय उपयोग? त्यांना इथे बोलाव आणि त्यांच्यासमोर टाकीचे झाकण उघड.” टॅक्सीमालक आमच्या शब्दावर आले नसते, काकांच्या शब्दावर आले.

झाकण उघडताच आतला रबरी पडदा फुगून वेडावाकडा झालेला दिसला. टाकीतले ऑइल सिरिंजने काढून मी पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडले आणि शेजारच्या ग्लासात आमच्या बंद बाटलीतले डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल. आमचे ऑइल पाण्यात विरघळून गेले. टाकीतल्या ऑइलचा लालसर थर पाण्यावर तरंगत राहिला. ते पॉवर स्टिअरिंगचे तेल, म्हणजे खनिज तेलच होते. ब्लीडिंगनंतर टाकीची पातळी त्याच तेलाने भरली गेली होती. त्या गाड्यांत क्लचची टाकी ब्रेकपासून वेगळी होती म्हणून ब्रेक वाचले. एकच टाकी असती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. मास्टरचे आणि स्लेव्हचे कप, होज, झाकणातला पडदा, सगळे रबर आम्ही बदलले आणि लोखंडी पाइप ताज्या ऑइलने पुन्हा पुन्हा धुऊन काढला. गाड्या घाट चढू लागल्या. ज्यांनी आमच्यावर आरोप केला, त्यांच्यापैकी कोणी स्टँडवर जाऊन तो मागे घेतला नाही, आणि त्या दुरुस्तीच्या बिलातला मोठा भाग आजतागायत येणे आहे.

काम हळूहळू परत आले. गाडीवाल्यांना माझे सांगणे असे की, ऑइल दर दोन वर्षांनी बदलावेच. डॉट ४ कोरडे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेशी ओल शोषली की ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि सिलिंडरला आतून गंज चढतो तो वेगळाच. छोटी बाटली घ्यावी व उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. निपलवरची रबरी टोपी हरवली असेल तर आजच बसवावी, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंजलेला निपल पाना लावताच तुटतो. स्वतंत्र टाकी असेल तर ती काठोकाठ भरू नये. प्लेट झिजत जाते तशी स्लेव्हची दांडी मागे ढकलली जाऊन टाकीतली पातळी वाढते. ब्रेकच्या बाबतीत नेमके उलट होते, म्हणून पुष्कळांचा इथे घोटाळा होतो.

त्या प्रकरणानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. प्रत्येक गाडीतून निघालेले जुने ऑइल लहान बाटलीत भरून, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून आम्ही पुढच्या कामापर्यंत जपून ठेवतो आणि टाकीचे झाकण लावण्यापूर्वी गाडीवाल्याला आत पाहायला लावून त्याची वहीत सही घेतो.