पैंजणाला लागलेलं टीव्हीचं सोल्डर

मी पुण्यात वीकेंडला चांदीकामाचे बिगिनर क्लास घेते. बॅच छोटीच, पहिल्या दिवशी तांब्याच्या पट्टीवर हात बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी ९२.५ टक्के चांदीची साधी अंगठी. करवतीची पाती पटापट मोडतात, ते सोडून द्यायचं. मापात मात्र हमखास गोंधळ होतो, कारण आतला व्यास १७ मिमी असेल आणि पट्टी दीड मिमी जाड असेल तर साधारण ५८ मिमी कापावी लागते, पट्टीची जाडी धरायची राहिली की अंगठी बोटात जातच नाही.

परवाच्या बॅचमध्ये एक टीव्ही रिपेअरिंगवाले काका होते. आयुष्यभर सोल्डरिंग केलेलं, त्यामुळे सांधा जोडायची वेळ आली तेव्हा बाकीचे गॅसच्या टॉर्चला बिचकत होते आणि हे एकदम निवांत. आणि नेमकं त्यांचंच अडलं. सर्किटवर कसं, गरम टोक टेकवलं की कथील-शिशाचं सोल्डर १८०-१९० डिग्रीलाच पाणी होतं आणि काम तिथल्या तिथे संपतं. चांदीत तसं नाही, चांदी उष्णता इतकी भराभर पसरवते की नुसत्या सांध्यावर ज्योत धरून काही होत नाही, अख्खी अंगठी ७०० च्या पुढे न्यावी लागते आणि मग सोल्डर जिकडे जास्त गरम तिकडे पळतं. काका ज्योत थेट सोल्डरच्या तुकड्यावर धरायचे, तो बिचारा गोळी होऊन बसून राहायचा. शेवटी दिवे कमी केले, म्हटलं काका ज्योत बघू नका, धातूचा रंग बघा. आधी सांध्याला लावलेली सवागी (टाकणखार) फुगली, मग काचेसारखी झाली, चांदी मंद लाल झाली आणि सांध्यातून चमचमती रेघ सर्रकन धावली. "अरे हे तर सगळं उलटंच आहे!" काका.

खरी गंमत चहाच्या सुट्टीत झाली. बॅचमधल्या एका काकूंनी पर्समधून पैंजण काढलं, सासूबाईंचं, हुपरीचं, चांगलं जड. कुठेतरी पूर्वी जोडून घेतलेलं आणि तिथेच परत तुटलेलं. "मॅडम, आता शिकलेच आहे तर मीच जोडते ना." मी भिंगाखाली धरलं तर सांध्यावर मळकट करड्या रंगाचा गोळा. मी काही बोलायच्या आत काका मागून वाकून म्हणाले, "हे तर आमचं सोल्डर."

बरोबर होतं त्यांचं. आणि चांदीकामात याच्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. शिसं-कथील असलेली चांदी लाल तापवली की ते चांदीत शिरतं, चांदी आतून खातं, खड्डे पडतात, वर ती जागा ठिसूळ होते. काकूंना वाटलं मी उगाच घाबरवतेय. मग खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट लावला, भंगारातला पातळ पत्रा घेतला, काकांकडच्या सोल्डरच्या वायरचा कणभर तुकडा त्यावर ठेवला आणि सगळ्यांना लांब उभं करून टॉर्च मारला. आधी नुसता थेंब पसरला, आणि पत्रा लाल व्हायला लागला तसा तो थेंब आत बुडाला आणि आरपार भोक. चांदीचा वितळणबिंदू ९६२ आहे हे मी सकाळीच सांगितलं होतं, तिथपर्यंत पोचायचीही गरज पडली नाही.

काकूंचा चेहराच उतरला. "मग भट्टीत टाकायचं का?" तोही मार्ग असतो म्हणा, आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर हेच करतात, मिसळलेला माल गाळून शुद्ध चांदी काढून देतात, पण मग चांदी उरते, पैंजण नाही. आम्ही सोपं केलं. वर्तमानपत्र पसरून, वेगळ्या कानशीने (शिशाचा कीस बेंचवर सांडला की पुढच्याच्या अंगठीत जातो) गोळा उतरवला, तरी आत किती मुरलंय सांगता येईना, म्हणून त्या दोन कड्या सरळ कापून काढल्या. काकूंनी तार तापवून मऊ केली, सळईवर गुंडाळली, करवतीने कापून दोन नवीन कड्या केल्या आणि स्वतः झाळल्या. हात थरथरत होता पण ज्योत एका जागी थांबली नाही, हे महत्त्वाचं. मग साफ करायला तुरटीच्या गरम पाण्यात टाकल्या, तेही तांब्याच्या चिमट्याने, कारण लोखंडाचा चिमटा घातला की चांदीवर तांब्याची लाली चढते.

पॉलिश करू का विचारलं तर काकू नको म्हणाल्या, दोन कड्या पांढऱ्याफटक आणि बाकीचं काळपट, तसंच घालून गेल्या.

काकांनी जाताना तो भोक पडलेला पत्रा मागून घेतला. दुकानात लावणार म्हणे, कारण अजूनही लोक पैंजण नाहीतर चेन घेऊन येतात, "जरा टाका मारून द्या हो" म्हणून. आजवर किती जणांना मारून दिला ते मी काही विचारलं नाही.